अर्धी भादरलेली बोर

सोनाळ्याहून सातपुड्याकडे तोंड करून चालू लागलं, की अर्ध्या-पाऊण तासात एक लहानसं गाव लागतं. गावातल्या शेवटच्या घरामागे दोन एकर वावर आहे आणि त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अकरा बोरी आहेत. पहिल्या दहा बोरी चारचौघींसारख्या. अकरावी तेवढी विचित्र. तिची डावी बाजू ठेंगणी आणि उजवी उंच वाढलेली. न्हाव्यापुढून अर्धी दाढी तशीच टाकून उठलेल्या माणसासारखी ती चार वर्षं उभी होती. रस्त्यानं जाणारा नवखा माणूस तिच्याकडे बघून हसायचा. गावातलं कोणी हसत नसे, कारण ती तशी का आहे हे गावाला माहीत होतं.

ते वावर धम्मशीलाचं. वय पन्नाशीच्या जरा पुढे, अंगानं सडपातळ, बोलणं पहिल्यापासूनच बेताचं. तिचा नवरा भाऊराव मात्र दोघांच्या वाटचं एकटाच बोलायचा. भाऊराव कुपाट्या घालायचा. कुपाटी म्हणजे वावराभोवती घातलेलं बोरीच्या काट्यांचं कुंपण. आता तुम्ही म्हणाल, काट्या आणून टाकायला काय अक्कल लागते? टाकून बघा एकदा. दुसऱ्या दिवशी रानडुक्कर तुमच्या भुईमुगात लोळत असेल आणि तुमच्या काट्या वाऱ्यानं शेजाऱ्याच्या वावरात गेलेल्या असतील. भाऊरावची कुपाटी हलायची नाही. बुडखे आत, काटे बाहेर, एका फांदीच्या कुशीत दुसरी अडकवलेली, वरून दुबेळक्यानं, म्हणजे दोन फाट्यांच्या काठीनं, दाबलेली. डुक्कर येऊन हुंगायचं आणि वळसा घालून दुसऱ्याच्या वावरात जायचं. ज्याच्या वावरात जायचं तो मग दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊरावच्या दारात उभा.

काट्या यायच्या त्या ह्याच अकरा बोरींच्या. भाऊरावचा एक नेम होता. एक भादरायची, एक ठेवायची. विहिरीकडून मोजत निघायचं आणि एका वर्षी पहिली, तिसरी, पाचवी अशा सहा भादरायच्या. पुढच्या वर्षी दुसरी, चौथी, सहावी अशा पाच. सगळ्या एकदम का नाही कापत, असं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी धम्मशीलानं विचारलं होतं. तो म्हणाला होता, "पोराईले बोरं पाह्यजेत अन् डुकराले काटे. दोघाईले बी सांभाळा लागते." भादरताना एखाद्या फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर ती फांदी तो सोडून द्यायचा. "राहू दे. इथी भाडेकरू हायेत," म्हणायचा. त्याला मुंग्यांचं फार प्रेम होतं असं नाही. त्या मुंग्या शेपूट पाठीवर उचलून धावायच्या आणि चावल्या की दिवसभर हात झोंबायचा, हेही एक कारण होतंच.

बोरं संपली की चैत्रात हे काम निघायचं. आणि शेवटच्या बोरीची शेवटची फांदी खाली पडली, की भाऊराव घराकडे तोंड करून अशी हाक द्यायचा की अर्ध्या गावाला कळावं.

"ठेव वो चहा!"

धम्मशीला आधीच आधण ठेवून बसलेली असायची. हाक आली की पत्ती टाकायची. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं.

तिसाव्या वर्षी पहिली, तिसरी, पाचवी ह्यांची पाळी होती. पाच बोरी झाल्या होत्या, अकरावी तेवढी राहिली होती. अकराचा सुमार, ऊन असं की कोंबड्यासुद्धा ओट्याखाली शिरलेल्या. धम्मशीलानं आधण ठेवलं. हाक आली नाही. तिनं गॅस बारीक केला. मग वाटलं, कडूबा भेटला असेल आणि बसले असतील दोघं बिड्या ओढत. कडूबा म्हणजे शेजारच्या वावराचा मालक, भाऊरावचा जन्माचा दोस्त. तिला राग आला. पाणी आटत आलं तेव्हा तिनं आणखी तांब्याभर ओतलं आणि पुटपुटली, "याले घरदार काही आठवत नाही." तेही पाणी आटलं. पातेलं करपल्याचा वास आला तेव्हाच बाहेरून कडूबा ओरडत आला.

भाऊराव अकराव्या बोरीखाली पडला होता. डावी बाजू भादरून झाली होती. कोयता खोडाच्या बेचक्यात रोवलेला होता. दवाखान्यात सांगितलं की हृदय बंद पडलं, तासभर तरी झाला असावा.

त्या तासभरात धम्मशीला त्याच्यावर रागावून बसली होती. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. ती रडलीही नाही. जलदानविधीच्या दिवशी सगळे नातेवाईक आले, अकोल्याहून मुलगी संजीवनी आली, ती आईच्या गळ्यात पडून हुंदके देत होती आणि धम्मशीला तिच्या पाठीवर हात फिरवत समोरच्या भिंतीकडे बघत होती. बायका आपसात कुजबुजल्या. कोणी म्हणालं धक्का बसला, कोणी म्हणालं पहिल्यापासून मनानं कोरडीच. धम्मशीलाला दोन्ही ऐकू आलं आणि दोन्हीचं काही वाटलं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला असूनही आपला लागत नाही, तसं तिचं सगळं झालं होतं. फरक एवढाच की सुईचा असर दोन तासांत उतरतो.

संजीवनीनं अकोल्याला चल म्हणून खूप सांगितलं. ती "येईन" म्हणाली आणि गेली नाही. रोज सकाळी धुऱ्यावर जायची, पहिल्या बोरीपासून अकराव्या बोरीपर्यंत चालत जायची, तिथे थोडी उभी राहायची आणि परत यायची. पुढच्या चैत्रात कडूबा काट्या मागायला आला.

"वहिनी, भुईमूग लावला. काट्या न्याव्या म्हंतो. मीच कापून घेईन."

"नाही."

"दोनच झाडं..."

"एक फांदी बी नाही, कडूबाभाऊ. कोणीच हात लावाचा नाही."

कडूबा निघून गेला. त्यानं झटका मशीन आणलं, तार ओढली. डुकरांना पंधरा दिवस झटका बसला, सोळाव्या दिवसापासून ती तारेखालून माती उकरून आत येऊ लागली.

पण त्याआधी, भाऊराव गेल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात, पुष्पांजली आली होती. पुष्पांजली नांदुऱ्याची. फुलपाखरांवर मोठं शिक्षण घेत होती. गळ्यात कॅमेरा, पाठीवर पिशवी, हातात छत्री. बसनं सोनाळ्यापर्यंत आणि पुढे पायी. तीन दिवस ती त्या बोरींखाली बसून होती, तेव्हा गावानं ठरवून टाकलं की इथून मोठा रस्ता जाणार आणि ही मोजणीवाली आहे. दोघा-तिघांनी आपलं वावर रस्त्यात जातं का, म्हणून तिला आडून आडून विचारूनही पाहिलं.

चौथ्या दिवशी ती धम्मशीलाच्या ओट्यावर आली. "जय भीम, काकू," म्हणाली. पाणी मागितलं. धम्मशीलानं पाणी दिलं, चहा दिला. पुष्पांजलीनं एक घोट घेतला आणि थांबली. चहात साखरच नव्हती. समोर धम्मशीला तोच चहा शांतपणे पीत होती, साखर नसल्याचं तिला कळलंच नव्हतं. पुष्पांजलीनं कप संपवला.

मग तिनं कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. अंगठ्याच्या नखाएवढं फुलपाखरू. पिवळट पंख, त्यावर तांबूस पट्टे आणि पट्ट्यांच्या मधून चांदीची रेघ ओढावी तशा बारीक रेषा. मागे केसासारख्या दोन शेपट्या.

"रूपरेखा म्हणतात त्या फुलपाखरांच्या जातीतली हाये, काकू. पण ही वेगळी. मी सात गावं पालथी घातली. लोकांनी धुरे साफ केले, जेसीबी लावून बोरी उपटल्या. कुठंच दिसली नाही. फक्त तुमच्या बोरींवर दिसली. एक्केचाळीस मोजली मी."

"बरं," धम्मशीला म्हणाली.

"काकू, एक मागू? ह्या बोरी कोणाला कापू देऊ नका."

"नाही देत," धम्मशीला म्हणाली. पुष्पांजलीला वाटलं, किती समजूतदार बाई. आपल्याला इतकं सोपं काम आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, असं ती नंतर सांगायची.

पाटी लागली. 'दुर्मीळ फुलपाखरांचा अधिवास. झाडे तोडू नयेत.' तालुक्याच्या एका निसर्गमंडळानं धम्मशीलाचा सत्कार ठेवला. खुर्चीवर बसवलं, शाल घातली, हातात एक रोपटं दिलं, चार लोक तिच्याबद्दल बोलले. त्यातल्या तिघांना तिचं नावही धड घेता आलं नाही. पेपरात फोटो आला, वर मथळा: 'फुलपाखरांची माय'. फोटोतली माय रोपट्याची कुंडी मांडीवर धरून भलतीकडेच बघत होती. संजीवनीनं ते कात्रण फ्रेम करून आणलं. धम्मशीलानं ते भिंतीवर लावलं, कारण खिळा आधीच ठोकलेला होता.

दुसऱ्या श्रावणात फुलपाखरं सव्वीस भरली. तिसऱ्यात अकरा.

पुष्पांजलीचं तोंड उतरलं. तिला आधी फवारणीचा संशय आला. कडूबाच्या कपाशीवर फवारा बसतो, वारा इकडे येतो. तिनं कडूबाला चार प्रश्न विचारले आणि कडूबा दुखावला. "बाई, फवारा तं वीस वर्षापासून मारून राह्यलो. तवा नाही मेले तुमचे पाखरं?" पुष्पांजलीनं वहीतला फवारा खोडला. मग पाऊस कमी झाला का, सरडे वाढले का, असं सगळं तिनं वहीत लिहून पाहिलं. धम्मशीला ओट्यावर बसून तिची धावपळ बघायची. पोर दमते आहे, एवढं तिला कळत होतं. त्यापलीकडे काही नाही.

चौथ्या वर्षाच्या चैत्रात, सोनाळ्याच्या बाजाराच्या दिवशी, धम्मशीला भाजी घेऊन परत आली आणि सवयीनं धुऱ्यावर गेली. चौथ्या बोरीपाशी ती थांबली. चार फांद्या गायब होत्या. पांढरे, ओले घाव तसेच दिसत होते. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. आपल्याला राग आला आहे हे तिला जरा उशिरानंच कळलं, कारण बऱ्याच दिवसांत तसं काही आलं नव्हतं. ती तशीच कडूबाच्या वावराकडे गेली. कडूबानं कानावर हात ठेवले. म्हणे, मी तर बाजारात होतो. तो हे सांगत होता आणि त्याच्या पाठीमागे, झटक्याच्या तारेला टेकून, भुईमुगाच्या कडेनं बोरीच्या ताज्या हिरव्या काट्या लावलेल्या होत्या. वर त्याही उलट्या लावल्या होत्या, काटे आत आणि बुडखे बाहेर.

धम्मशीलानं त्या काट्यांकडे पाहिलं, कडूबाकडे पाहिलं आणि ती परत आली. पण राग गेला नाही. आषाढात पुष्पांजली आली तेव्हा धम्मशीलानं तिला ओट्यावर टेकूही दिलं नाही.

"पाटी लावली, तरी कापली. चल, दाखवतो तुले."

दोघी चौथ्या बोरीपाशी गेल्या. घावांच्या खाली कोवळे फुटवे आले होते, तांबूस, मऊ, बोट लावलं तर वाकतील असे. धम्मशीला हातानं घाव दाखवत होती. पुष्पांजली घावांकडे बघतच नव्हती. ती फुटव्याला नाक लावून उभी होती.

"काकू," ती हळूच म्हणाली. "इकडे या."

दोन कोवळी पानं एकमेकांना चिकटवून खोपा केला होता. आत एक हिरवट, बारीक अळी. तिच्या पाठीवर शेपूट उचललेल्या चार-पाच मुंग्या. एक मुंगी अळीच्या पाठीवर मिशा आपटत होती. अळीच्या पाठीवर पाण्याचा एक ठिपका आला आणि मुंगीनं तो पिऊन टाकला.

"गोड असतो तो," पुष्पांजली म्हणाली. "अळी मुंग्यांना गोड पाजते आणि मुंग्या तिची राखण करतात. कोळी आला, गांधीलमाशी आली, तर अंगावर धावून जातात. मुंग्या नसल्या तर अळी दोन दिवस टिकत नाही."

मग तिनं अकराही झाडं पान न् पान तपासली. दुपार झाली, ऊन कलायला लागलं. अळ्या मिळाल्या पाच. पाचही चौथ्या बोरीवर. पाचही कडूबाच्या चोरीच्या फुटव्यांवर. ती धुऱ्यावर बसली, बोरीचं एक जुनं पान बोटांत घेऊन मुडपून बघू लागली. पान चामड्यासारखं झालं होतं.

"काकू, हे आधी कोणी कापत होतं का?"

धम्मशीलानं अकरावीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "हाव. संजीवनीचे बाबा."

"सगळी?"

"नाही. एक भादरायची, एक ठेवायची." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं कोणाला तरी भाऊरावचा नेम नीट सांगितला. विहिरीकडून मोजायचं कसं, कोणत्या वर्षी कोणत्या बोरी, मुंग्यांची फांदी का सोडायची, भाडेकरू वगैरे. सांगताना तिच्या आवाजात काहीच चढउतार नव्हता. रेशनकार्डावरची नावं वाचावीत तसं तिनं सांगितलं.

पुष्पांजलीनं वही मिटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघा ना. जी ठेवली, तिच्या जुन्या वाळक्या लाकडात मुंग्यांचं घर. जी भादरली, तिच्यावर अळीला कोवळं पान. शेजारी शेजारी. मुंग्या इथून तिथे चालत जायच्या. ही पाखरं काकांनी जगवली, काकू. आणि मी येऊन पाटी लावली की कापू नका. मी तीन वर्षं चुकीचं राखून राह्यली होती."

"मी बी," धम्मशीला म्हणाली.

"आता कापा लागीन काकू. पुढच्या चैत्रात. काका कापायचे तसंच."

"नाही."

"नाही कापलं तर ही पाच शेवटची."

"कळलं मले. पण नाही." धम्मशीलानं अकराव्या बोरीकडे बोट केलं. "थे पाह्य. अर्धी राह्यली. त्यायचं काम अजून झालं नाही. काम झालं की हाक देत होते मले, चहा ठेव म्हून. त्या दिवशी हाक आली नाही. मी वाट पाहून राह्यली होती. दुसऱ्या कोणाच्या हातानं हे काम होऊन गेलं, तं मंग हाक यायचीच नाही."

पुष्पांजली पुष्कळ शिकलेली होती, तरी शहाणी होती. तिनं वही पिशवीत घातली. जाताना तिनं ती पाटी काढून काखेत मारली आणि बसला निघून गेली.

त्या पावसाळ्यात धम्मशीला रोज चौथ्या बोरीपाशी बसू लागली. गावानं त्यातूनही काहीतरी काढलं असेल, पण तिच्या तोंडावर कोणी बोललं नाही. अळ्या दिवसा खोप्यात झोपायच्या, ऊन उतरलं की मुंग्यांच्या पहाऱ्यात बाहेर येऊन पानाची कड कुरतडायच्या. पाचातल्या दोन अळ्या पक्ष्यांनी खाल्ल्या. तीन कोशात गेल्या. एका सकाळी एक कोश उकलला आणि चांदीच्या रेघा असलेलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर येऊन फांदीवर पंख वाळवत बसलं. धम्मशीलाला आनंद झाला का? नाही. तिला फक्त एवढं दिसलं की ते उडून दुसऱ्या बोरीवर गेलं, तिथून तिसरीवर, पाचवीवर, पानापानाला पाय लावून बघत होतं, आणि कुठेच बसत नव्हतं. प्रत्येक पान जून होतं. ते शेवटी अकरावीच्या डाव्या बाजूला गेलं. तिथे भाऊरावनं भादरलेल्या जागी आता तीन वर्षांचं जाड लाकूड होतं. तिथूनही ते उठलं.

दिवाळी झाली, बोरं पिकली, पोरांनी दगड मारून पाडली. माघ गेला, फाल्गुन गेला. धम्मशीला मनात हिशेब करत होती. त्या वर्षी पहिली, तिसरी, पाचवी होती. मग दुसरी, चौथी यायला हवी होती. मग परत पहिली, तिसरी. मग दुसरी, चौथी. म्हणजे यंदा परत पहिली, तिसरी, पाचवी, सातवी, नववी. आणि अकरावी.

चैत्रातल्या एका सकाळी तिनं आढ्याला खोचलेला कोयता काढला. दगडावर पाणी टाकून तो घासला. भाऊरावची टायरची चप्पल पायात घातली, ती दोन बोटं मोठी झाली, तरी काट्यात दुसरं काही चालत नाही. आणि ती विहिरीकडून मोजत निघाली.

तिला भादरणं येत नव्हतं. पहिल्या बोरीला अर्धा दिवस लागला. हात रक्ताळले, पदर चार ठिकाणी फाटला. दुपारून कडूबा आला आणि लांबच उभा राहिला.

"वहिनी, मी कापून देऊ का?"

"नको. तुमी काट्या उचला. अन् बुडखे आत घालजा, त्यायनं कितीदा सांगतलं होतं."

कडूबानं मान खाली घातली. "वहिनी, थ्या फांद्या मीच..."

"माहीत हाये मले."

त्या दिवशी दोन झाल्या, दुसऱ्या दिवशी तीन. एका फांदीवर मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा ती थांबली आणि ती फांदी तशीच ठेवून पुढे सरकली. नंतर श्रावणात पुष्पांजली आली, तिनं मोजलं, तेवीस भरली. वहीत तिनं तो आकडा दोनदा गिरवला. पण ते पुढचं झालं. मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं.

तिसऱ्या दिवशी अकरावी. धम्मशीलानं डावीकडच्या, भाऊरावच्या बाजूच्या फांद्या आधी घेतल्या. त्या अवघड गेल्या. त्याच्या कोयत्याचे जुने घाव सालीनं भरून आले होते, तिनं त्यांच्यावर एकदा हात ठेवला आणि वरून घाव घातला. मग उजवी बाजू. बारा वाजायच्या आत एकच फांदी उरली. ती तिच्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. कडूबा काट्यांचा भारा तसाच ठेवून, हातातलं दुबेळकं टेकून उभा राहिला.

तिनं फांदी तोडली. फांदी खाली पडली.

सगळीकडे सामसूम झाली. झाड चारी बाजूंनी सारखं दिसत होतं. धम्मशीला घराकडे तोंड करून उभी राहिली आणि ऐकू लागली, गेली चार वर्षं ऐकत होती तशी. आणि मग तिच्या छातीतून, तिच्याच आवाजात, अर्ध्या गावाला कळावं अशी हाक निघाली.

"ठेव वो चहा!"

घराला कुलूप होतं. तिला तेव्हा कळलं की हाक देणारी आपणच आहोत आणि ऐकणारं घरात कोणी नाही. ती बोरीच्या बुंध्याशी खाली बसली आणि रडू लागली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तशी. "मी रागावून बसली होती," ती म्हणत होती. "तुमी अठी पडून होते अन् मी घरात तुमच्यावर रागावून बसली होती." चार वर्षांचं सगळं एकदम आलं. कडूबानं दुबेळकं टाकलं, पाठ वळवली आणि डोळे पुसत आपल्या घराकडे पळाला.

थोड्या वेळानं कडूबाची बायको आशाबाई पितळेच्या तांब्यात चहा घेऊन आली. ती धम्मशीलाशेजारी काट्यांच्या कडेला बसली, तिचे रक्ताळलेले हात तिनं आपल्या पदरानं पुसले आणि कपात चहा ओतून दिला. धम्मशीलानं नाक ओढलं, कप घेतला, एक घोट घेतला आणि थांबली.

"साखर लय झाली, आशाबाई," ती म्हणाली.